फ्लॅट सहाव्या मजल्यावर, पाणी बेसमेंटमध्ये: विकताना सांगायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझं वय ५९. नेरुळ पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आमची दोन विंगांची, ४४ फ्लॅटची सोसायटी आहे. इमारत २००९ मध्ये पूर्ण झाली. सहाव्या मजल्यावर माझा टू बीएचके आणि बेसमेंटमध्ये एक पार्किंग. पुढच्या वर्षी निवृत्त झालो की फ्लॅट विकून साताऱ्याला मुलीजवळ राहायला जायचं ठरलंय. अडचण आहे ती बेसमेंटची. दर पावसाळ्यात तिथे घोट्याएवढं पाणी साचतं, पंप लावून उपसावं लागतं. एका कंत्राटदाराने भिंतीलगत चर, नवा संप (पाणी गोळा होण्याचा खड्डा) आणि तीन पंप असं ड्रेनेजचं काम ३६ लाखांत सांगितलंय, म्हणजे घरटी साधारण ८२ हजार. सप्टेंबरच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला, हा विषय यायचाय आणि मी सोसायटीचा खजिनदार आहे. ब्रोकर म्हणतो, ‘साहेब, यंदा विषय पुढे ढकला. फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लॅट दाखवू, बेसमेंट ठणठणीत कोरडं असतं. वर्गणी काय ती नवा मालक भरेल.’ जुलैत एक गिऱ्हाईक आलं होतं, बेसमेंट बघून त्याने सरळ ६ लाख कमी सांगितले. आता ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाला फ्लॅट आवडलाय. त्याने बेसमेंट अजून पाहिलेलं नाही. बायको म्हणते, त्याला सगळं सांगून टाका. ८२ हजार भरले तर फ्लॅटची किंमत किती वाढेल, की त्याआधीच विकून मोकळं व्हावं, हे मला ठरवता येत नाहीये.

उत्तर:

नमस्कार.

किंमत किती वाढेल, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ती वाढणार नाही. बेसमेंट कोरडं असणं हे घेणारा गृहीतच धरतो, जसा नळाला पाणी येणं गृहीत धरतो. त्यासाठी कुणी जास्तीचे पैसे मोजत नाही. पण ते ओलं दिसलं की पैसे कापतो, आणि कापताना दुरुस्तीचा खर्च मोजून कापत नाही. तुमच्या त्या जुलैतल्या गिऱ्हाइकाने ६ लाख कमी सांगितले, तेव्हा त्याला ८२ हजारांचा आकडा माहीतच नव्हता. त्याला दिसलं फक्त पाणी. आपली गाडी बुडेल का, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जातं का, खांबांच्या सळया गंजल्या असतील का, आणि दोन वर्षांनी सोसायटी आपल्याकडे किती मागेल, हे सगळे प्रश्न त्याच्या मनात एकदम आले. एकाचंही उत्तर समोर नव्हतं, म्हणून त्याने एक मोठा आकडा सांगून टाकला. त्यात थोडी घासाघीसही असणार. त्यामुळे ८२ हजार भरले की ६ लाख परत आले, असाही हिशेब मांडू नका. ड्रेनेजने किंमत अमुक टक्के वाढते, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कामाचा फायदा एवढाच की घेणाऱ्याच्या त्या प्रश्नांना कागदावर उत्तरं मिळतात आणि बोलणी फ्लॅटवर राहतात.

दुसरं म्हणजे, तुमच्या मूळ पत्रात ‘फ्लॅट सहाव्या मजल्यावर’ हे दोनदा आलंय, जणू खालच्या पाण्याशी त्याचा संबंधच नाही. तुमच्या एजीएममध्येही कुणीतरी म्हणेलच, ‘माझी गाडीच नाही, मी का पैसे देऊ?’ पण ज्या खांबांवर सहावा मजला उभा आहे तेच खांब त्या पाण्यात उभे आहेत. खाडीच्या पाण्यात क्षार असतात. ते काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. तुमची इमारत १५ वर्षांच्या पुढे गेली आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी करून घ्यायचं असतं. तुमच्याकडे ते झालंय का, हे पत्रात नाही. झालं नसेल तर ड्रेनेजच्या कोटेशनआधी ते करा. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर आणि सावध गिऱ्हाईक दोघंही ते मागू शकतात.

आता कंत्राटदाराच्या ३६ लाखांकडे येऊ. तिथे मला काळजी वाटते, कारण पाणी कुठून येतं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कंत्राटदाराने सांगितलेलं नाही की तुम्ही विचारलेलं नाही, कल्पना नाही. पण रोग न तपासता औषधाची किंमत ठरली आहे.

नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणावर आणि सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिलाय. मोठ्या भरतीला खाडीची पातळी जमिनीच्या वर जाते, म्हणून सिडकोने वाशी, नेरुळ, बेलापूर अशा नोडमध्ये डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरती आली की तलावाच्या तोंडाची झडपेसारखी दारं, म्हणजे फ्लॅप गेट, बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, आणि ओहोटीला गेट उघडून ते खाडीत जातं. आता या तलावांत गाळ साचलाय, कांदळवनं वाढलीत, आणि कांदळवनांना कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढायलाही परवानग्यांची लांबण लागते. तेव्हा मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की रस्त्यालगतच्या गटारांतल्या पाण्याला जायला वाट नसते, आणि जमिनीखालची पातळीही चढते. अशा जागी बेसमेंटमध्ये येणारं पाणी चारपैकी कुठल्याही वाटेने आलेलं असू शकतं: वरून रॅम्पने, बाजूने रिटेनिंग वॉलच्या (माती अडवणाऱ्या भिंतीच्या) सांध्यांतून, खालून राफ्टमधून (पायाच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून), किंवा सोसायटीच्याच टाकीतून आणि पाइपातून. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि खर्चात तर जमीन-अस्मानाचा फरक.

हे शोधायला लाखभर रुपये लागत नाहीत, आणि ऑगस्ट हा त्यासाठी उत्तम महिना आहे. वॉचमनला एक वही द्या. बेसमेंटच्या एका खांबावर ऑइल पेंटने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र पाण्याची पातळी लिहायची, शेजारी पाऊस होता की नव्हता ते, आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तुमच्या बेसमेंटमधलं पाणी चढण्याची वेळही रोज तशीच पुढे सरकत असेल, तर ते खाडीचं पाणी आहे, पाऊस असो वा नसो. जोराच्या सरीनंतर तासाभरात चढत असेल तर आधी रॅम्प आणि गच्चीवरून उतरणारे पाइप तपासा. भिंतीलगत पाइप फुटलेला असतो आणि सगळं पाणी थेट रिटेनिंग वॉलच्या मागे मुरत असतं, हे फार ठिकाणी आढळतं. आणि मे महिन्यातही एक कोपरा ओला राहत असेल तर संशय अंडरग्राउंड टाकीवर घ्या.

टाकीची परीक्षा सोपी आहे. रात्री टाकीत येणारं आणि टाकीतून जाणारं पाणी दोन्ही बंद करून पातळीला खूण करा, सकाळी बघा. सोबत साचलेल्या पाण्याचा नमुना घेऊन पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने मोजा. मोरबे धरणाचं नळाचं पाणी गोडं आहे, खाडीचं मिसळलं की आकडा हजारांत जातो. क्लोरीन तपासायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडिनचं) द्रावण दोन थेंब टाका. पिवळसर रंग आला तर पाणी नळाचं, म्हणजे टाकीतून किंवा पाइपलाइनमधून येणारं. रंग आला नाही म्हणून टाकी निर्दोष धरू नका, झिरपताना क्लोरीन उडून जातो. पाण्याला घाण वास असेल तर मात्र तपासणीसाठी थांबू नका. सांडपाण्याची लाइन गळत असेल आणि शेजारी पिण्याच्या पाण्याची टाकी असेल, तर हा प्रश्न किमतीच्या कितीतरी पुढचा आहे.

पाणी ज्या जागेतून येतं तिथे आत्ताच, भिंत ओली असताना, खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा. भिंत वाळल्यावर तिथे फक्त लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दिसतो, आणि त्यावरून नेमकी फट सापडत नाही. पीयू ग्राउटिंग (फटीत पॉलियुरेथेन रसायन भरणं) करायचं ठरलं तर गळती चालू असताना ते जास्त नेमकं होतं, कारण ते रसायन पाण्याशी संयोग होऊनच फुगतं.

त्यानंतर कंत्राटदाराला बोलवा. हे लक्षात घ्या की त्याने सांगितलेली योजना पाणी थांबवणारी नाही, आत आलेलं पाणी गोळा करून बाहेर टाकणारी आहे. खालून भरतीचं पाणी येत असेल तर अशी योजना रास्त असू शकते, कारण तो दाब नुसत्या प्लॅस्टरने कधीच अडत नाही. पण त्याला विचारा, पंपाचं पाणी टाकणार कुठे? रस्त्याकडेच्या गटारात म्हणाला, तर भरतीच्या वेळी ते गटार भरलेलं असताना काय होणार? डिलिव्हरी पाइप गटाराच्या पातळीपेक्षा वर काढून त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर तेच पाणी उलट फिरून तुमच्याकडे येईल. वीज गेली तर पंप जनरेटरवर आहे का? पंपाचं पॅनेल जमिनीपासून किती उंच आहे? तीन पंपांतला एक राखीव आहे ना? पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच वर्षातून किती वेळा तपासणार, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) किती वर्षांची? आणखी एक गोष्ट स्वतः बघा. सध्या पंपातून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून तासभर ठेवा. तळाशी माती बसत असेल तर पाण्याबरोबर भरावातली मातीही वाहून येतेय. मग सतत उपसा वाढवणं धोक्याचं, कारण कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक खचायला लागतील. अशा वेळी जिओटेक्निकल (जमीन आणि पाया तपासणाऱ्या) इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

कदाचित असं निघेल की रॅम्पच्या तोंडाशी चढ करून जाळीचा चर काढला, गच्चीचे पाइप दुरुस्त केले आणि चार सांधे ग्राउट केले की काम भागतं, तेही ३६ लाखांच्या अंशभर पैशांत. कदाचित ३६ लाखही पुरणार नाहीत. दोन्ही शक्य आहे, म्हणूनच आज तुमचा ८२ हजारांचा आकडा खरा धरून फ्लॅट विकायचा की नाही हे ठरवणं मला पटत नाही. शिवाय ‘घरटी समान’ हेही तपासा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के, जमा करायचे असतात. इतक्या वर्षांत ते नीट जमा झाले असतील तर सगळा खर्च नव्या वर्गणीतून काढायची गरज पडणार नाही. हे आकडे तुमच्याच ताब्यात आहेत.

आता ब्रोकरबद्दल. त्याच्या सल्ल्यात दोन गोष्टी मिसळल्यात, आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. मार्चमध्ये फ्लॅट दाखवणं यात काही गैर नाही, लोक घर उन्हाळ्यातही घेतात. गैर आहे ते विचारलं नाही म्हणून न सांगणं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या खबरदारीने न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायचा असतो, आणि तो न सांगणं ही फसवणूक ठरते. मार्चमधलं कोरडं बेसमेंट हा अगदी तसाच दोष. आणि तुम्ही तर खजिनदार आहात. पंपांच्या भाड्याची बिलं, डिझेलची बिलं, कंत्राटदाराचं कोटेशन, सगळ्यावर तुमची सही असणार. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणायची सोय तुम्हाला नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. साताऱ्याला गेल्यावर वकिलाची नोटीस हातात घेऊन नेरुळच्या फेऱ्या मारायला लागू नयेत, एवढीच इच्छा.

एजीएमचा विषय पुढे ढकलणं मला याहूनही जास्त खटकलं. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि विषयपत्रिका कमिटी ठरवते. तिथे तुम्ही स्वतःच्या व्यवहारासाठी विषय अडवलात, तर उरलेल्या ४३ घरांचा एक अख्खा पावसाळा जातो. तुम्ही हे अजून केलेलं नाही, आणि पत्र लिहिलंत यावरून तुम्हालाही ते टोचतंय असं मला वाटतं. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये सरळ सांगा की मी फ्लॅट विकणार आहे, कंत्राटदार निवडण्याच्या चर्चेत मी मत देणार नाही. लोकांना ते आवडेल. आणि एजीएमपुढे ३६ लाखांचा ठराव नेऊच नका. कारण शोधण्यासाठी सल्लागार नेमण्याचा आणि ऑडिटचा ठराव न्या. मोठ्या आकड्यावर सभा भांडते, छोट्या आकड्यावर तयार होते, आणि जानेवारीत विशेष सभा घेऊन खरा खर्च मंजूर करता येतो.

मग विकायचं कधी? आत्ता गुपचूप विकणं मी बाद धरते. सगळं काम होईपर्यंत थांबणं हा पर्याय वाईट नाही, पण सोसायटीची कामं कधी वेळेवर होतात? एक पावसाळा काढून बेसमेंट कोरडं राहिल्याचं दाखवायचं तर दोन वर्षं धरा. तुमची निवृत्ती आणि मुलीकडे जायची ओढ बघता एवढं अडकून पडू नका, असं मला वाटतं. माझं मत मधल्या वाटेला आहे: काम अर्धवट असताना, पण कागद पूर्ण असताना विका. एका फाइलमध्ये ऑडिटचा अहवाल, पाण्याच्या कारणाचा अहवाल, एजीएमचा ठराव, मंजूर कोटेशन आणि वॉचमनची ती वही. घेणाऱ्याला ही फाइल द्या आणि सांगा, या कामाचा माझ्या फ्लॅटचा वाटा मी देतो. रक्कम ठरलेली नसेल तर अंदाजे रक्कम व्यवहारातून बाजूला ठेवायची आणि सोसायटीची मागणी आली की त्यातून द्यायची, असं करारनाम्यात लिहून घ्या. जास्तीचं कोण देणार, उरलेलं कुणाचं, तेही लिहा. सिडकोच्या हस्तांतरणाची फी आणि कागदपत्रं यांना वेळ लागतोच, त्या काळात बरंच स्पष्ट होईल.

ठाण्याच्या वाचकांकडूनही अशी पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. घोडबंदर रोडच्या बाजूला येऊरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी खडकाच्या भेगांतून येतं, ते बहुधा गोडं असतं आणि पाऊस थांबल्यावरही काही दिवस चालू राहतं. तिथे डोंगराकडच्या बाजूला, इमारतीच्या बाहेर चर काढून पाणी वळवणं आतल्या चरापेक्षा उपयोगी पडतं. भरतीची वही तिथे कामाची नाही, बुजवलेले जुने नाले शोधणं जास्त कामाचं. ज्यांना ताबा मिळून अजून ५ वर्षं झालेली नाहीत, त्यांनी वर्गणीचं नावही काढू नये. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातला असा दोष कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, तारखेसकट. रो-हाउसवाल्यांनी एवढंच बघावं की रस्त्यावर डांबराचे थर चढून आपलं फाटक रस्त्याच्या खाली तर गेलेलं नाही ना.

आणि फ्लॅट घेणाऱ्यांनो, मार्चमध्ये बेसमेंट बघायला गेलात तर भिंतीच्या नव्या रंगाकडे पाहू नका. लोखंडी दरवाज्याची खालची चार बोटं गंजलीत का, लिफ्टसमोरच्या लादीच्या कडेला पांढरी रेघ आहे का, स्कूटर विटांवर चढवून ठेवल्यात का, ते बघा.

राहिला तुमच्या सहकाऱ्याचा मुलगा. वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण फोनवर सांगू नका. भरतीचं वेळापत्रक बघून येत्या पंधरवड्यातला मोठ्या भरतीचा दिवस निवडा आणि त्याला त्या वेळेला बोलवा. आधी बेसमेंट दाखवा, मग वर नेऊन चहा द्या, आणि वहीतली पानं त्याच्यासमोर ठेवा. त्याला घाई करू नका, त्याचा ओळखीचा इंजिनिअर असेल तर त्यालाही येऊ द्या. तो कदाचित नाही म्हणेल. कदाचित लाख-दीड लाख कमी मागेल, आणि त्याचं मागणं रास्त वाटलं तर द्या. साताऱ्याच्या घरासाठी किती पैसे लागणार आहेत तो आकडा आधी कागदावर काढून ठेवा, म्हणजे कुठपर्यंत खाली यायचं हे बोलणी सुरू व्हायच्या आधीच तुम्हा दोघांना माहीत असेल.